अडतिसावा दिवस



जुलै 2025 मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या हार्ट अटॅकच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या आणि माझ्या दवाखान्यात एक जुना प्रश्न नव्याने येऊ लागला. "डॉक्टर, हे सगळं त्या लसीमुळेच ना?" तिथले मुख्यमंत्री सिद्धरामय्या म्हणाले, की लसीला घाईने दिलेली मंजुरी हेही या मृत्यूंचं एक कारण असू शकेल. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ते खोडून काढलं. एक पक्ष राज्यात, दुसरा केंद्रात. मधे माझ्यासमोर बीपीचा पट्टा बांधून बसलेला पेशंट.

आधी सरळ उत्तर देतो. आयसीएमआरने देशभरातल्या 47 रुग्णालयांच्या मदतीने 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांमध्ये, घरात आधी कुणी असं अचानक गेलेलं असलेल्यांमध्ये, आणि आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू, नशा किंवा अंगावर न झेपणारा व्यायाम केलेल्यांमध्ये.

एवढं सांगून पुढचा पेशंट बोलवता आला असता. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये आमच्या पेठेतल्या टेलरमास्तरांचा मुलगा होता, आणि त्याच्यासमोर मला इतक्या सहज बोलता येत नाही.

मास्तर 58 वर्षांचे. मधुमेह होता, गोळ्या वेळेवर घ्यायचे. 6 एप्रिल 2021 ला लसीचा पहिला डोस घेतला. 20 एप्रिलला कोविडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तेव्हा बेड मिळणं म्हणजे काय होतं हे तुम्ही विसरला नसाल. ऑक्सिजन 93 च्या खाली गेला नाही, म्हणून घरीच उपचार केले. पंधरा दिवसांत ताप गेला, तोंडाला चव आली, आणि मास्तर पुन्हा मशीनवर बसले. शाळेचे गणवेश बंद होते, पण मास्क शिवायचे.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "डॉक्टर, डावी पोटरी दुखतेय, जरा जड वाटतेय." मी त्या दिवशी ऐंशीएक पेशंट पाहिले होते. म्हटलं, बरेच दिवस झोपून होतात, आता एकदम पाय मारताय मशीनवर, शीर आखडली असेल. शेक द्या, एक गोळी सांगतो. 28 मे ला सकाळी ते मोरीतून बाहेर आले, दम लागला म्हणून पलंगावर बसले आणि दहा मिनिटांत गेले. मी पोचलो तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्ट सुजलेली दिसत होती. ती पाहायला मी आठवडाभर आधी जायला हवं होतं.

आता थोडं शास्त्र. कोविडचा विषाणू फक्त फुप्फुसात राहत नाही, तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो. अस्तर खरखरीत झालं की रक्त तिथे गोठू लागतं. त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला, पाणी कमी प्यालेला, वर मधुमेह. पोटरीच्या खोल शिरेत गुठळी तयार होते. ती सुटून वर गेली, की हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. स्वीडनमध्ये दहा लाखांहून जास्त कोविड रुग्णांची नोंद तपासली गेली, तो अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. पायातल्या गुठळीचा वाढलेला धोका तीन महिने, आणि फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने टिकतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ताप उतरला, चव आली, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी आजाराचं शेपूट शिल्लक असतं. ते थकवा, धाप, विसरभोळेपणा या रूपात महिनोन्महिने वळवळतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी सोसलंय. काहींच्या बाबतीत मात्र ते असं गुठळीच्या रूपाने येतं. म्हणून एकाच पायाला सूज, आणि श्वास घेताना छातीत कळ किंवा अचानक धाप, याला कधीच फोनवर औषध मागू नका. कुणी दिलं तरी घेऊ नका. मी दिलं होतं.

त्या दिवशी माझी दुसरी चूक झाली. मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे घरी गेलेल्यांसाठीचा नमुना 4-अ, मी मास्तरांच्या घरातच भरला. कारण लिहिलं: 'कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर'. हृदय आणि श्वास बंद पडला. अहो, तो तर प्रत्येक मरणाऱ्याचा पडतो! ते कारण नव्हे, ती मरण्याची रीत. त्या नमुन्यात पायऱ्या असतात. पहिल्या ओळीत थेट कारण, खाली ते कशामुळे झालं, आणि सगळ्यात खाली जिथून साखळी सुरू झाली ते मूळ. मास्तरांसाठी मी लिहायला हवं होतं: फुप्फुसात अडकलेली गुठळी, ती पायाच्या खोल शिरेतल्या गुठळीमुळे, ती कोविडमुळे. दुसऱ्या भागात मधुमेह. शवविच्छेदन नव्हतं, पण 'संभाव्य' लिहून हे सगळं लिहिता येतं. मी सवयीने एक ओळ खरडली आणि पुढच्या घरी गेलो.

त्या ओळीची किंमत ऑक्टोबरमध्ये कळली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कोविडने गेलेल्यांच्या वारसांना 50 हजार रुपये मिळणार, असं ठरलं. दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने कुणाला नाकारू नका, असंही न्यायालयाने बजावलं होतं. मास्तरांच्या पत्नीने अर्ज केला. पण नियमात आणखी एक अट होती: तपासणीपासून 30 दिवसांच्या आतला मृत्यू. रुग्णालयात दाखल असताना दिवस पुढे गेले तर चालत होतं. घरी बरे झालेल्यांसाठी ती सोय नव्हती. मास्तर अडतिसाव्या दिवशी गेले.

अर्ज फेटाळला गेला. मी तीन पानांचं पत्र लिहिलं, तक्रार समितीसमोर स्वतः गेलो. तिथल्या डॉक्टरांनी माझाच दाखला माझ्यासमोर ठेवला. "तेव्हा तुम्ही गुठळी लिहिली नाहीत. आता सात महिन्यांनी कशी आठवली?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. पैसे मिळाले नाहीत.

आता हीच गोष्ट देशाच्या आकाराची करून पाहा. आपल्याकडे 2021 मध्ये नोंदल्या गेलेल्या शंभर मृत्यूंपैकी तेवीस-चोवीस मृत्यूंनाच डॉक्टरने लिहिलेलं कारण होतं, आणि त्यातही माझ्यासारख्यांच्या एकओळी किती असतील! 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला, की 2020 आणि 2021 मिळून भारतात 47 लाख जादा मृत्यू झाले. त्या दोन वर्षांचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. सरकारने संघटनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, विरोधकांनी सरकारवर तोंडसुख घेतलं. मग मे 2025 मध्ये सरकारच्याच जन्ममृत्यू नोंदणीचा 2021 सालचा अहवाल आला. 2020 मध्ये 81 लाख मृत्यू नोंदले गेले होते, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. वाढ सुमारे 21 लाखांची. त्यात नोंदणी सुधारल्याचा आणि लोकसंख्यावाढीचा वाटा धरायला हवाच. पण त्या वर्षाचे अधिकृत कोविड मृत्यू साडेतीन लाखांच्या आत होते.

जुलै 2021 मध्ये राज्यसभेत सांगितलं गेलं, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची वेगळी नोंद राज्यांनी कळवलेली नाही. केवढा गदारोळ झाला! मला मात्र तेव्हा तो नमुना आठवला. 'ऑक्सिजन नव्हता' असं लिहायला त्यात रकाना कुठे आहे? जे कुणी लिहिलंच नाही ते राज्याने कळवायचं कुठून, आणि जे कळवलंच नाही ते झालं नाही म्हणायला दिल्लीला किती सोपं!

मुलाकडे वळतो. त्याला मी लसीबद्दल जे आहे ते सांगितलं. त्या प्रकारच्या लसीमुळे प्लेटलेट घटून गुठळी होण्याचा एक दुर्मीळ आजार होतो, हे खरं आहे. सरकारच्याच समितीने मे 2021 मध्ये दहा लाख डोसमागे 0.61 अशा संशयित घटना सांगितल्या होत्या. तो त्रास बहुतेक वेळा डोसनंतर पहिल्या सहा आठवड्यांत दिसतो. मास्तर गेले तो डोसनंतरचा बावन्नावा दिवस होता, आणि मधे कोविड होऊन गेला होता. "मग कोविडनेच गेले म्हणता, तर तसं तुम्ही लिहिलं का नाही?" त्याने विचारलं. मी त्याला वर तुम्हाला सांगितलं तेच सांगितलं, पोटरीच्या फोनसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही.

तुमच्या घरात कधी असा प्रसंग आला, तर एक करा. 2023 च्या कायदादुरुस्तीनुसार कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती मागा, वाचा, आणि नुसतं 'हृदय बंद पडले' लिहिलेलं असेल तर कशामुळे, हे तिथल्या तिथे विचारा.

काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, गेल्या महिन्यात रात्री साडेआठला आल्या. पोटरी दुखत होती, थोडी सूजही होती. मी टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या आणि त्याच रात्री डॉप्लरला पाठवलं. शिरा मोकळ्या निघाल्या, जिन्यावर पाय मुरगळला होता. मुलगा तपासणीच्या खर्चावरून कुरकुरला. काकूंनी त्याला गप्प केलं आणि रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला.