पायाखालची फरशी

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या पायाखाली कुंभार मातीची एक चपटी वडी ठेवतो आणि ती हिरवी रंगवून मोकळा होतो. डोंगरउतारावर ते चालून जायचं. पण गडाच्या माथ्यावर महाराजांचं सिंहासन आणि त्याखाली नुसता चिखल, हे मला लहानपणी सहन व्हायचं नाही. मग ओल्या मातीचा चौथरा थापायचा, खराट्याच्या हिराने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, चौकोनांत आलटून पालटून चुना आणि गेरू भरायचा. सिंहासन तेच, पण त्याला दरबार मिळायचा.

पुढे नोकरीसाठी मुंबईला आलो आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो. इमारत 1872 साली लोकांसाठी खुली झाली. काचेआड मातीची छोटी माणसं, कुणाची पगडी वेगळी, कुणाचा धंदा वेगळा. ती बघता बघता माझी नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. ती फरशी इंग्लंडातल्या मिंटन कारखान्याची. हिच्यातली नक्षी वरून रंगवलेली नसते. एका रंगाच्या मातीत खाच पाडून दुसऱ्या रंगाची माती भरतात आणि मग भाजतात. त्यामुळे पावलांनी फरशी झिजली तरी नक्षी पुसली जात नाही. आपल्या जुन्या चाळींतली सिमेंटची रंगीत फरशीही अशीच टिकाऊ, फक्त ती भाजत नाहीत, दाबयंत्राखाली दाबतात.

आता मी 54 मिलिमीटरचे पुतळे रंगवतो आणि त्यांच्या बैठका स्वतः घडवतो. सध्या टेबलावर चाळीच्या गॅलरीतली, कमरेवर घागर घेतलेली नऊवारीतली बाई आहे. 54 मिलिमीटरचं माप साधारण 1:32चं, म्हणजे 8 इंची फरशी सुमारे सव्वासहा मिलिमीटरची करायची. एम-सीलचे दोन भाग रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे, टाल्कम पावडर भुरभुरून लाटायचे आणि थांबायचं. घाई केली तर रेघेच्या कडा वर येतात, उशीर केला तर पातं घसरतं. नख उमटतं पण बोटाला चिकटत नाही, ती वेळ साधायची आणि पात्याच्या पाठीने रेघा ओढायच्या.

रेघा बैठकीच्या कडेला समांतर मात्र नकोत. त्या तिरक्या घ्याव्यात, कडेला फरश्या अर्ध्यामुर्ध्या कापल्या जाऊ द्याव्यात. मग घर तिथे संपत नाही, पुढे चालू आहे असं वाटतं. या एका गोष्टीने पुतळ्याचं जितकं भलं होतं तितकं रंगाच्या चार हातांनी होत नाही. बाईच्या रोजच्या वाटेवरच्या फरश्या पॉलिश पेपरने किंचित घासल्या, सांध्यांत पातळ तपकिरी रंग सोडला आणि घागरीच्या बरोबर खाली दोनच फरश्यांवर चकचकीत व्हार्निश लावलं. पाणी सांडलं! आता ती बाई चालते आहे.

प्रदर्शनांत वाहवा चेहऱ्याची होते, डोळ्यांतल्या बुबुळांची होते. चेहरा महत्त्वाचाच, पण ज्याच्या पायाखाली जागा नाही त्याचा चेहराही कुणाचाच वाटत नाही. म्हणून हा छंद नव्याने लागलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुतळ्याला रंगाचा पहिला हात देण्याआधी तो कुठे उभा आहे ते ठरवा, आणि ती जमीन आधी करा.