उपाशीपोटी मिहान

नागपूरच्या माणसाने सकाळी उपाशीपोटी घराबाहेर पडावे, ही कल्पनाच मुळी धाडसाची आहे. सात वाजता तर्री-पोह्यांच्या गाड्यांवरून जो वास सुटतो, तो ओलांडून पुढे जाणे हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. तरीही मागच्या आश्विनातल्या एका सकाळी मी नुसत्या पाण्याच्या घोटावर बाहेर पडलो आणि सीताबर्डीला मेट्रोत बसलो. पिशवीत डबा होता. डब्यात भाकरी होती, झुणका होता आणि माझा चेहरा पाहून कुटुंबाला दया आली म्हणून दोन सांबारवड्याही होत्या. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्यामुंबईच्या वाचकांनी इडलीशेजारची वाटी डोळ्यांपुढे आणू नये.) मात्र डबा उघडायला मनाई होती. मला मिहानमधल्या 'एम्स'मध्ये रक्त द्यायचे होते. एकदा उपाशीपोटी आणि पुन्हा जेवणानंतर दोन तासांनी.

कारण सांगायला हवे. माझे वडील मधुमेहाने गेले. शेवटची दोन वर्षे त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. म्हणून, तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या तपासणीत माझा आकडा सहा पूर्णांक तीन निघाला, तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही. साडेसहापासून मधुमेह धरतात. वजन शहाऐंशी किलो. आईने फक्त साखरेचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

मेट्रोची ही नारिंगी मार्गिका मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. अजनी चौक, छत्रपती चौक, उज्ज्वलनगर अशी ओळखीची नावे मागे पडतात, उजव्या हाताला विमानतळ येतो आणि खापरीला गाडी तुम्हाला चक्क माळावर उतरवते. जवळच वर्धा रस्ता. हाच रस्ता पुढे सेवाग्रामला आणि पवनारला जातो. गांधीजींनी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचा उपास केला. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्नपाणी सोडून देह ठेवला. त्या रस्त्यावर मी बारा तासांची भूक घेऊन उभा होतो आणि ती मला फार मोठी वाटत होती.

'मिहान' हे नाव प्रथम ऐकले तेव्हा मला ते एखाद्या फारशी राजपुत्राचे वाटले होते. पुढे कळले की ती इंग्रजी आद्याक्षरांची मोळी आहे : मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. देशाच्या मध्यावर माल उतरावा, चढावा आणि चारी दिशांना जावा, असा बेत. त्यासाठी २००२ मध्ये सरकारी कंपनी निघाली, शिवणगाव, खापरी, दहेगाव इकडच्या जमिनी गेल्या. आज तिथे एक काचेची इमारत, मग अर्धा मैल गवत, मग दुसरी काचेची इमारत असा प्रकार आहे. संगणकवाल्या कंपन्या आहेत, विमाने दुरुस्त करण्याची शाळा म्हणावी तशी प्रचंड शेड आहे, दहेगावला व्यवस्थापनशास्त्राची संस्था आहे, आणि संत्र्याचा रस काढणारा पतंजलीचा कारखाना मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या कडेची गाय शेळीएवढी दिसते. माल इकडून तिकडे न्यायच्या या गावात मी माझ्या अंगावरचा माल उतरवायला आलो होतो, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले. पण उपाशी माणसाला विनोदाचे हसू येत नाही.

'एम्स'चे आवार मोठे आणि स्वच्छ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे रीतसर उद्घाटन झाले. रक्त दिले, डबा खाल्ला, आणि दोन तासांच्या त्या अवधीत आहाराबद्दल सांगणाऱ्या एका तरुण बाईंपुढे जाऊन बसलो.

"सर, सध्या काय करता?" त्यांनी विचारले.

"उपाशी राहतो," मी अभिमानाने म्हणालो. "पोटात कावळे ओरडू लागले, की समजतो, चरबी जळते आहे."

बाई हसल्या. "कावळे चरबी खात नाहीत, सर."

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. जठर रिकामे होते, आकुंचन पावते, तेव्हा कळ येते, हे तर जुनेच आहे. १९१२ साली अमेरिकेत वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने गुरूच्या, म्हणजे कॅननच्या, सांगण्यावरून रबरी फुगा गिळला आणि पोट आकसते त्याच वेळी भूक लागते, हे कागदावर उमटवून दाखवले. (आमच्या विद्यार्थ्यांना मी निबंध लिहायला सांगतो तर ते रजा घेतात.) १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरातून निघणारे एक संप्रेरक सापडले, त्याला घ्रेलिन म्हणतात. गंमत अशी, की ते पोट पाहून वाढते त्याहून अधिक घड्याळ पाहून वाढते. रोज चारला चिवडा खाणाऱ्याला चारला भूक लागते. आणि त्या वेळी काहीच खाल्ले नाही, तरी ते थोड्या वेळाने आपोआप ओसरते. म्हणजे भूक लागली म्हणून वजन उतरते आहे असे नाही, आणि वजन उतरायचे तर सतत भुकेने कळवळलेच पाहिजे असेही नाही. खर्चापेक्षा जमा कमी असली पाहिजे, एवढेच.

"मग भूक सोसायची की नाही?"

"सोसायची किती, यापेक्षा ओळखायची कशी ते बघा."

हे वाक्य मी पूर्वी ऐकल्यासारखे वाटले, आणि मग आठवले : हे तर आमच्या नागपूरचेच! श्रीकांत जिचकार. काटोलकडचे. डॉक्टर, वकील, विसाहून अधिक पदव्यांचे धनी, आणि १९८० मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी आमदार. त्यांचे एक व्याख्यान पुष्कळांच्या कानांवर गेलेले आहे. त्याचा सारांश असा, की दिवसात आपल्याला कडकडून भूक केव्हा लागते त्या दोन वेळा शोधून काढा आणि त्या दोन वेळांनाच जेवा. अधेमधे तोंड हलवू नका. जून २००४ मध्ये कोंढाळीजवळ मोटारीच्या अपघातात ते गेले. तेच सूत्र पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेले : दोन जेवणे, प्रत्येक पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. त्यावर आहारतज्ज्ञांत वाद झडले, घराघरांत सासवासुनांतही झडले. बाईंनी त्या वादात पडायचे नाकारले. "तुम्हाला निभेल ते करा. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये, एवढे घरी सांगा."

उठता उठता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिनेच मला खरे घाबरवले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात छत्तीस तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन पाव हिश्शाने घटले. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसत, ताटे चाटून पुसत. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागले तेव्हा कितीही खाल्ले तरी त्यांचे पोट भरेना. वजन उतरले की शरीर भूक वाढवते. हिशेब काढणारे म्हणतात, घटलेल्या दर किलोमागे दिवसाला शंभरेक कॅलरींची भूक चढते. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात, त्यात एकादशीवाल्याचा सगळाच दोष नसावा!

दुसरे रक्त देऊन मी चालत निघालो. उन्हात साडेचार किलोमीटर काही झाले नाहीत. दोनच झाले आणि मी एका फाटकाशेजारच्या निंबाखाली टेकलो. तिथला पहारेकरी साठीचा, गोल पोटाचा गृहस्थ. त्याने पाणी दिले. बोलता बोलता त्याने समोरच्या रस्त्याकडे हात केला.

"तिथं माह्यं वावर होतं. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत."

मी म्हणालो, मी वजनाच्या भानगडीत आलो आहे, उपाशी राहतो. तो मोठ्याने हसला.

"गुरुजी, उपाशी राहून कोन वाळते? मी वावरात होतो तं चार चार भाकरी खात होतो. भूक अशी लागे, का धुऱ्यावर बसूनच शिदोरी सोडो. तवा अंगावर मांस नोतं. आता दोन खातो, त्याबी भूक नसताना. बसून असतो ना. पोट पाहा कसं सुटलं."

"दिवसाला किती वेळा जेवता?"

"दोन डाव. जलमभर दोनच डाव. तिसऱ्या डावाचं कोन देते?"

त्या एका माणसाने जिचकारांचे सूत्र, मिनेसोटा आणि बाईंचा जमाखर्च सगळाच माझ्यापुढे उलटा करून ठेवला. भूक जास्त होती तेव्हा तो वाळलेला होता; भूक गेली आणि पोट आले. मधल्या काळात त्याचे वावर गेले होते. शरीराने खर्चायचे कुठे, हा प्रश्न त्याच्या ताटाचा नव्हताच. माझ्या ताटाचा तरी कितपत होता? खुर्चीत बसून मी काय शिकवत होतो त्याचा खर्च साडेतीन पोळ्यांचा नक्कीच नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघे सकाळी खापरीला उतरतो आणि मिहानच्या त्या अफाट रस्त्यांवर चालतो. वजन सात महिन्यांत सहा किलोंनी उतरले. लग्नसराईत दीड परत आले. आकडा पाच पूर्णांक नऊवर आहे. जेवण दहाला आणि सायंकाळी सातला. चारची भूक अजून येते, पण आता मी तिला ओळखतो. स्टाफरूममध्ये कोणी चिवड्याची पुडी सोडली तर मात्र ओळख देत नाही.

मागच्या रविवारी पहारेकऱ्याने आम्हाला दुरून पाहिले आणि दुसरी खुर्ची बाहेर काढली.

"गुरुजी, जेवले काय?"

मी घड्याळ पाहिले. साडेनऊ झाले होते आणि पोटात चांगलेच कडकडले होते. "दहाला," मी म्हणालो.

"मंग बसा. अर्धा घंटा गोष्टीत निघून जाईन."