कर्लीच्या मुखावर

देवबागच्या टोकाला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी, आणि मध्ये जमीन ती केवढी? माडांच्या चार रांगा, त्यांच्या सावलीतली घरे, एक अरुंद रस्ता आणि वाळू. कर्ली सह्याद्रीतून येते, समुद्राच्या अगदी जवळ पोहोचते. पण एकदम त्याला भेटत नाही. सासरचे घर दिसू लागल्यावर नव्या सुनेने पाऊल हळू करावे, तशी ती वाळूच्या या पट्ट्याआडून दक्षिणेला वळते आणि मग टोकाशी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे. तिथली वाळू, मागची टेकडी आणि समोरचा संगम पाहायला हल्ली पुष्कळ मंडळी होडीने जातात.

मालवणला जाणारा माणूस प्रथम सिंधुदुर्ग पाहतो, आणि ते योग्यच आहे. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो किल्ला पाहिल्याशिवाय परत येणाऱ्याला शेजारीपाजारी काय म्हणतील? पण किल्ला पाहून झाल्यावर एक दिवस कर्लीसाठी ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. किल्ल्यावर माणसाने समुद्राला कसे अडवले ते दिसते. कर्लीच्या मुखावर समुद्र आणि नदी माणसाला विचारत नाहीत, ते दिसते. इथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. देवबागचा किनारा समुद्र खातो म्हणून दगडी बंधारे घालावे लागले आहेत. आणि रोज दोनदा भरती, दोनदा ओहोटी. ओहोटीला इथे ‘सुकती’ म्हणतात. सुकतीला खाडीत साठलेले सारे पाणी त्या एवढ्याशा तोंडातून समुद्राकडे धाव घेते, समोरून वाऱ्याने ढकललेल्या लाटा आत येऊ पाहतात, आणि दोघांची जिथे गाठ पडते तिथे पाणी उभे राहते. वल्ह्याच्या होडीने ते ओलांडणारे लोक या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होते. आता इंजिने आली. पलीकडे जायला दहा मिनिटेही लागत नाहीत. मात्र ती दहा मिनिटे इंजिनाने चालले पाहिजे!

२०२४ च्या नाताळच्या सुटीत आम्ही सहाजण तिथे होतो. आम्ही दोघे, आमची दोन मुले, माझे मेव्हणे आणि त्यांची पत्नी. ज्यांच्या होडीतून गेलो ते तांडेल सत्तरीच्या घरातले, अंगाने काटक, बोलायला थोडे. त्यांचा मुलगा फायबरची नवी होडी चालवतो. तिच्या पाठीला विलायती यंत्र लटकवलेले; दोरी ओढली की सुरू. म्हाताऱ्यांची होडी लाकडी, आणि तिच्या पोटात एका सिलिंडरचे, हाताने हँडल मारून सुरू करायचे जुने डिझेल इंजिन. दिवाळीनंतर ते भंगारात द्यायचे असे घरात ठरले होते. गिऱ्हाईकही आले होते; पण म्हाताऱ्यांनी ‘नाताळचो हंगाम जांव दे’ म्हणून दिवस ढकलला होता. हे सारे आम्हांला त्यांच्या पंधरा वर्षांच्या नातवाने जाताजाताच सांगून टाकले. तो हँडल मारायला बरोबर असे.

सकाळची भरती होती. पोरांना नारिंगी जाकिटे चढवून आम्ही पलीकडे गेलो, वाळूत हिंडलो, डबे संपवले. संध्याकाळी कुडाळहून गाडी पकडायची होती, म्हणून दुपारी दोनच्या सुमारास परत निघायचे ठरले. तोवर सुकती जोरात सुरू झाली होती. पाणी मुखाकडे असे चालले होते, की त्यात टाकलेला माडाचा झाप पाहता पाहता दिसेनासा व्हावा.

नातवाने हँडल मारले. इंजिन फुसफुसले आणि गप्प झाले. पुन्हा मारले, पुन्हा तेच.

अशा वेळी मंडळींच्या प्रतिभेला बहर येतो. आमचे मेव्हणे बँकेत अधिकारी असून त्यांच्याजवळ मोटार आहे. ते म्हणाले, “बॅटरी गेली असणार.” बॅटरी नव्हतीच. मग म्हणाले, “प्लग साफ करा.” प्लगही नव्हता! डिझेल इंजिनाची गंमत हीच आहे, की त्यात ठिणगी पाडणारे काही नसते. सिलिंडरातली हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात कोंबली, की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या क्षणी नोझलमधून डिझेलची बारीक फवार आत सुटते आणि आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने असे इंजिन १८९७ साली नीट चालवून दाखवले. पुढे १९१३ साली हाच गृहस्थ आगबोटीतून इंग्लंडला जात असता रात्रीतून नाहीसा झाला, ही गोष्ट मला तिथे नेमकी आठवली. पण सौभाग्यवतींच्या चेहऱ्याकडे पाहून मी ती बोलून दाखवली नाही.

तांडेलांनी नातवाला थांबवले. मला त्यांची पहिली गोष्ट आवडली ती ही. बंद पडलेल्या यंत्रावर माणूस आधी जोर काढतो; हँडल मार, आणखी मार, दुसऱ्याला मारायला लाव. म्हाताऱ्यांनी हँडल काढून फळीवर ठेवले आणि इंजिनाजवळ उकिडवे बसले. मग एकेक गोष्ट अशी पाहिली, की वैद्याने नाडी, जीभ, डोळे पाहावेत.

इंजिनाच्या डोक्यावर एक खिटी असते. ती उचलली की सिलिंडरातला दाब सुटतो आणि चाक हलके फिरते. खिटी उचलून त्यांनी चाक हाताने सावकाश दोन फेरे फिरवले. कशासाठी? तर धुराच्या नळीवाटे समुद्राचे पाणी सिलिंडरात शिरले असेल, तर ते आधी कळावे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाणी आत असताना जोराने हँडल मारले तर आतला लोखंडी दांडा वाकतो. पाणी नव्हते. मग खिटी खाली टाकून चाक दाबले. ते हाताला उलटे ढकलू लागले. म्हणजे दाब शाबूत. इंजिनाची छाती भक्कम होती.

“आता मार,” ते नातवाला म्हणाले, “आंगठो बोटांच्याच बाजूक धर.” अंगठा हँडलभोवती वळवला आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर अंगठा मोडतो. बाकीची बोटे आपोआप सुटतात. नातू मारत होता आणि म्हातारे त्याच्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर धुराच्या नळीवर होती. तिथून काहीच येत नव्हते.

“धूर नाय,” ते म्हणाले. “म्हणजे डिझेल पोचणा नाय.”

ही धुराची भाषा त्यांनी मला नंतर समजावून दिली. हँडल मारताना पांढरा धूर आला, तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. दाब कमी, किंवा नोझल बिघडलेली. काळा आला तर हवा अपुरी. आणि मुळीच नाही आला, तर इंजिन उपाशी आहे. एका नजरेत अर्धे इंजिन संशयातून सुटले. आता टाकीपासून नोझलपर्यंतची हातभर वाट तेवढी उरली.

इंजिन बंद करायची दांडी चुकून ओढलेली राहिली आहे का, ते पाहिले. नव्हती. टाकीत बांबूची काडी बुडवली. अर्ध्याच्या वर ओली झाली. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले आणि उन्हात धरले. पाणी डिझेलहून जड, ते तळाशी वेगळे दिसते. पावसाळ्यात होडी महिनोन्‌महिने उभी असते, अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होते, आणि कित्येक इंजिने मोसमाच्या आरंभी याच दुखण्याने आडवी होतात. बाटलीतले डिझेल स्वच्छ होते.

मग फिल्टरच्या माथ्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करून ते पंपाची दांडी हाताने खालीवर करू लागले. स्क्रूच्या कडेने फेस आला. बुडबुडे, पुन्हा बुडबुडे! “हवा धरल्यानी,” नातू म्हणाला. डिझेलच्या नळीत हवा शिरली, की पंपाचा सारा दाब ती हवा दाबण्यातच खर्च होतो. नोझल उघडायला जो जोर हवा तो पोहोचतच नाही. फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत त्यांनी दांडी हलवली, स्क्रू आवळला. पुढे नोझलवरचा नट सैल केला, नातवाला चाक फिरवायला लावले, तिथून डिझेलच्या पिचकाऱ्या उडू लागल्या तेव्हा तोही आवळला. खिटी वर, हँडल, चाकाने वेग घेतला, खिटी खाली. धड्‌! धड्‌! धड्‌! साऱ्या होडीला हुडहुडी भरली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

“चला, चला!” मेव्हण्यांनी घड्याळ दाखवले. आम्ही सामान उचलले. म्हाताऱ्यांनी मात्र नांगर काढला नाही.

“बसा वायच.”

“अहो तांडेल, गाडी आहे आमची!”

“हवा गेली. पण ती इली खयसून?”

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. इंजिन झकास चालले होते. एक मिनिट झाले, दोन झाले. मेव्हणे वाळूत येरझारा घालू लागले. चार-एक मिनिटे झाली असतील, आवाजात एक ठोका चुकला, मग दोन, आणि इंजिन घोट अडकल्यासारखा आवाज करून थांबले. मी पाण्याकडे पाहिले. निघालो असतो तर या वेळी आम्ही बरोबर मध्यावर असतो. सुकती आम्हांला घेऊन मुखाकडे निघाली असती, आणि मुखावर पांढरे फुटताना इथूनही दिसत होते. मेव्हणे येरझारा थांबवून खाली बसले. सौभाग्यवतींनी धाकट्याच्या जाकिटाचा पट्टा उगीचच आणखी आवळला.

नातू म्हणाला, “आजा, बाबांका फोन करू?” मुलाच्या होडीने आम्ही आरामात गेलो असतो. म्हाताऱ्यांनी मान हलवली ती होकाराची की नकाराची, ते कळले नाही. त्यांनी पुन्हा हवा काढायला घेतली नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी पाइपावरून ते बोट फिरवू लागले.

इथे एक बारकावा आहे. त्या होडीत टाकी फळीखाली, इंजिनापेक्षा सखल जागी; डिझेल पंपाने वर ओढून घ्यायचे. अशा ओढीच्या पाइपाला बारीक भेग पडली, तर बाहेर थेंबही गळत नाही. उलट पाइप बाहेरची हवा आत ओढतो. म्हणून डोळ्यांना सारे कोरडे आणि चांगले दिसते. चालताना येणारी थोडीशी हवा इंजिन कसेबसे पचवते. दोन-चार तास उभे राहिले, की पाइपातले डिझेल हळूहळू टाकीत परतते आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी मुकाट आलेले इंजिन दुपारी का अडले, ते यात आले. आणि दांडी हलवताना पाइपही हलला, तेव्हा भेग अधिकच उघडली.

पण भेग शोधायची कशी? त्यांनी डब्यातले ग्रीस बोटावर घेतले. पाइपाच्या एका टोकाला, क्लिपेभोवती, जाड लेप दिला आणि फिल्टरचा स्क्रू उघडून पंप हलवला. बुडबुडे येतच राहिले. ते टोक पुसून दुसऱ्या टोकाला, पंपाकडच्या क्लिपेजवळ, लेप दिला. पंप हलवला. बुडबुडे कमी झाले, आणि मग थांबले.

क्लीप सोडून पाइप वाकवल्यावर भेग मलाही दिसली. नखाएवढी. लोखंडी क्लिपेच्या कडेने, वर्षानुवर्षांच्या थरथरीने कापत आणलेली. म्हाताऱ्यांनी सुरीने पाइपाचा इंचभर तुकडा कापून टाकला, उरलेला ओढून बसवला, क्लीप आवळली, पुन्हा सारी हवा काढली. इंजिन दुसऱ्या हँडलला सुरू झाले.

यावेळी ‘चला’ कुणीच म्हटले नाही. नांगर टाकलेलाच ठेवून त्यांनी होडी चालीत घातली आणि दोर ताणून धरत, पूर्ण भारावर, इंजिन चांगले पंधरा मिनिटे ओढू दिले. मग म्हणाले, “येवा.” पाणी बरेच आटले होते, होडी ढकलून खोलात न्यायला मेव्हण्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सर्वांत आधी खांदा दिला. तांडेलांनी नाळ सरळ देवबागकडे न धरता वरच्या अंगाला, प्रवाहाच्या विरुद्ध तिरपी धरली. म्हणजे पाणी आम्हांला खाली ढकलत होते आणि आम्ही पुढे सरकत होतो. नातू नांगराचा दोर हातात घेऊन पुढे बसला होता. कुणी बोलले नाही. म्हाताऱ्यांचे डोळे पाण्यावर होते. पण कान सगळा पाठीमागे होता.

देवबागच्या वाळूला होडी लागली तेव्हा मुलगा तिथे उभा होता. म्हाताऱ्यांनी वाळूने हात घासून धुतले, ठरलेले भाडे घेतले, आणि सदऱ्याच्या खिशातून तो कापलेला तुकडा काढून मुलाच्या हातावर ठेवला.

“उद्या मालवणाक गेलस, तर ह्याच मापाचो दोन फूट घेवन ये.”

“दोन फूट कित्याक? इंजिन इकूचाच आसा मा?”

“इकूचा तेव्हा इकू,” म्हातारे होडीकडे वळत म्हणाले. “दोन क्लिपी पण हाड.”