वाड्याचे बिंदू

साताऱ्याच्या शाळेत मी सात वर्षं भूगोल शिकवला. समोच्च रेषा शिकवताना अर्धा बटाटा आडवा ठेवायचा, त्याच्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची. बटाट्याचा डोंगर कागदावर उतरायचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर साधारण दर २० मीटर उंचीला एक रेषा असते. अख्खा डोंगर चार वळणदार रेषांत मावतो. पण दोन रेषांच्या मधला दहा-बारा मीटरचा उंचवटा निसटू शकतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे नॉर्थ कॅरोलिनात केरीला आलो. शाळा सुटली, भूगोल काही सुटला नाही. १९९९ च्या सप्टेंबरात फ्लॉइड चक्रीवादळानं या राज्याच्या पूर्व भागात महापूर आणला. पुराचे जुने नकाशे अपुरे आहेत हे तेव्हा उघड झालं आणि पुढे राज्यानं विमानातून लायडारनं जमीन मोजायला घेतली. लायडार म्हणजे लेझरचा झोत खाली सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. प्रत्येक परतीचा एक बिंदू. आता देशभरच्या मोजणीत साधारण दर चौरस मीटरला किमान दोन बिंदू घेतात, म्हणजे एका एकरात आठ हजारांहून जास्त!

एवढे बिंदू ठेवायचे कुठे? लायडारच्या नेहमीच्या 'लास' फाइलमध्ये एका बिंदूला कमीत कमी २० बाइट लागतात. एक कोटी बिंदू म्हणजे २० कोटी बाइट. त्यावर मार्टिन आयझेनबर्ग या जर्मन संशोधकानं 'लासझिप' काढलं आणि ते सगळ्यांना मोफत दिलं. त्यानं पीएच.डी. आमच्या शेजारच्या चॅपल हिलच्या विद्यापीठातून केली होती, हे कळल्यावर मला उगाचच आपलेपणा वाटला. २०२१ मध्ये तो गेला. इथल्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे बिंदू आजही त्याच्याच 'लाझ' प्रकारात मिळतात.

युक्ती शाळेतल्या उदाहरणानं सांगते. पाचवीची मुलं उंचीप्रमाणे उभी आहेत: १३२, १३३, १३३, १३५ सेंटिमीटर. सगळे आकडे लिहिण्याऐवजी १३२ लिहा, पुढे '१ जास्त, तेवढाच, २ जास्त'. शेजारचे बिंदू एकमेकांपासून फार लांब नसतात, म्हणून पुढचा बिंदू कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि फक्त चुकलेला फरक लिहायचा. वारंवार येणाऱ्या फरकांना छोटी खूण, क्वचित येणाऱ्यांना मोठी. फाइल मूळच्या ७ ते २५ टक्क्यांवर येते आणि उघडली की एकही बिंदू कमी झालेला नसतो.

हे सगळं मला यंदा कामी आलं. वाईजवळचा आमचा वाडा दिवाळीनंतर पाडायचा ठरला. वरचा मजला खचलाय, आई एकटी, दादा पुण्यात. विकणं योग्यच आहे, तरी माझ्या घशाखाली घास उतरेना. दादानं लायडार असलेला फोन मिळवला आणि ओटीपासून परसापर्यंत फिरून सगळं घर टिपलं. दीड जीबीची फाइल झाली. लाझमध्ये ती चारशे एमबीच्या आसपास आली. घरात चालत घेतलेले बिंदू विमानातल्यासारखे शिस्तीत येत नाहीत, म्हणून बचत जरा कमी.

आईच्या फोनला तेवढीही झेपेना. वहिनी म्हणाली, "वन्सं, बिंदू कमी करा ना, आईंना नुसतं घर दिसलं तरी पुरे." केलं. घराचे पाच-पाच सेंटिमीटरचे ठोकळे पाडले आणि प्रत्येक ठोकळ्यात एकच बिंदू ठेवला. माजघर दिसत होतं, जिना दिसत होता, देवळीही. खुंट्या गेल्या. उंबरा सपाट झाला. पाच पिढ्यांच्या पायांनी मधोमध झिजलेला तो उंबरा!

मग मूळ फाइल मोठी करून पाहिली. तिथेही झीज नीट दिसेना, आणि चौकटीवर बाबांनी सुरीनं केलेल्या आमच्या उंचीच्या खुणा तर नव्हत्याच. फोनच्या लायडारला इतकं बारीक दिसत नाही. जे मोजलंच नाही, ते लासझिप तरी कुठून राखणार? मी दादाला त्याच रात्री फोन केला. त्यानं कुरकुर न करता उंबऱ्यावर सरळ पट्टी आडवी धरून झीज मोजली: मधोमध १४ मिलिमीटर. खुणा टेपनं मोजल्या, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले. माझी शेवटची खूण १४१ सेंटिमीटरवर आहे. त्यानंतर बाबा गेले.

आईकडे हलकी फाइल आहे. ती रोज दुपारी बोटानं घर फिरवते आणि शेजारच्या काकूंना स्वयंपाकघर दाखवते. मूळ फाइल लाझमध्ये दोन ठिकाणी ठेवली आहे, एक पुण्यात, एक इथे. सोबत मापांचा कागद.

तुमच्यापैकी कुणाचं गावचं घर पडायचं असेल, तर या सुट्टीत जाताना टेप न्या. फाइल लहान करायला पुढे वेळ आहे. आधी घरातल्या माणसांना विचारा, काय काय मोजायचं ते.