आधी रिले, मग आवाज

मैत्रिणींनो, आज थोडा हिशेब सांगते. कॉमर्सची बाई, हिशेबाशिवाय चैन पडत नाही!

आमच्या ह्यांना हॅम रेडिओचा जुना छंद आहे. मोर्सची कळ दाबून टिंब आणि रेघांमध्ये बोलतात. मोर्सचा वेग मोजायला ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द प्रमाण धरतात. पुढची मोकळी जागा धरून त्याची लांबी 50 टिंबांएवढी भरते. मिनिटाला 20 शब्द म्हणजे 1000 टिंबं, म्हणजे एका टिंबाला 60 मिलिसेकंद. रेघ तिप्पट, 180.

संदेश जोरात जावा म्हणून रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये अँप्लिफायर लावतात. त्यातला रिले ऐकताना अँटेना थेट रेडिओला जोडतो, पाठवताना अँप्लिफायरला. साध्या रिलेला ही जागा बदलायला 10-15 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात रेडिओची शक्ती येऊन थडकली, तर रिलेत ठिणगी उडते आणि त्याचे संपर्क जळत जातात. म्हणून क्रम ठरलेला: आधी रिले बसायचा, मग शक्ती. थांबताना उलट, आधी शक्ती बंद, मग रिले सुटायचा.

यात एक गंमत आहे. रेडिओ 15 मिलिसेकंद उशिरा सुरू झाला, पण थांबला मात्र वेळेवर, तर 60 चं टिंब 45 चं होतं. ऐकणाऱ्याला पहिलं अक्षर तोकडं मिळतं. चांगला सेट टिंब कापत नाही, अख्खंच्या अख्खं थोडं पुढे सरकवतो. आणि प्रत्येक टिंबाला रिले खटखट करू नये म्हणून अक्षरांमध्ये तो काही क्षण धरूनही ठेवतात.

आता ह्यांचे कान मंदावलेत. मशीन लावलं तरी वाक्याचा पहिला शब्द निसटतो. ‘गोळी घेऊ नका’ यातली ‘गोळी’ गेली की उरतं नुसतं ‘घेऊ नका’. रक्तदाबाच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या असताना हे परवडणारं नाही. म्हणून घरात हाच क्रम लावलाय. आधी ‘अहो’ म्हणायचं, त्यांनी मान वळवेपर्यंत थांबायचं, मग पूर्ण वाक्य. आवाज चढवायचा नाही, कारण अडचण जोराची नाही, वेळेची आहे. आणि बोलून झालं की लगेच स्वयंपाकघरात वळायचं नाही. उत्तर यायला त्यांना क्षणभर लागतो, तोवर समोर उभं राहायचं.

तुमच्याही घरी सासूबाई, मामंजी असतील. करून बघा. खर्च काहीच नाही.