हनुवटीवरचा डाग

२००९ च्या दिवाळीत आईचा फोटो मी नुसत्या पणतीच्या उजेडात काढला. दुसऱ्या गालावर फारच काळोख, म्हणून त्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला. उजेड त्यावरून परतून सावली मवाळ झाली. एक सेकंदभर न हलता बसायचे होते. आईला तेही जड!

ती गेल्यावर भिंतीसाठी तोच फोटो संगणकावर घेतला. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवीत. मला माउसच्या चार टिचक्या पुरल्या. हनुवटीवरचा भाजल्याचा डागही गेला.

धाकटी बहीण बघत राहिली. "दादा, ही कोण रे?"

चकल्या तळताना आईचा पदर मीच ओढला होता. तेल उडाले ते तेव्हा.

मूळ फोटो पुसला नव्हता, एवढे नशीब.