उसने बी

आमच्या परसातील घेवड्याला नाव नव्हते. तो नुसता ‘घरचा घेवडा’. शेंगा रुंद, कडेला बारीक जांभळी रेघ, आणि पावसाळा सरता सरता मांडवभर लोंबणाऱ्या. आजी काही निरोगी शेंगा वेलीवरच वाळू देई, त्यांचे बी राखेत घोळून गाडग्यात भरी आणि गाडग्याचे तोंड शेणमातीने लिंपून टाकी. पुढे आजी गेली, आमचे बिऱ्हाड शहरात आले आणि त्यासरशी तो घेवडाही गेला.

पुष्कळ वर्षांनी घरामागे चार हात जमीन लाभली, तेव्हा त्याची आठवण झाली. मी बियाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार मोठा आर्जवी. त्याने रंगीत चित्रांच्या पाकिटांची रासच पुढे मांडली. टोमॅटो, मिरच्या, भोपळे. बहुतेक सारे संकरित. संकरित वाण पहिल्या वर्षी भरघोस पीक देतो, हे खरे. परंतु त्याच पिकाचे बी पुढील वर्षी पेरले, तर झाडे एकसारखी निघत नाहीत आणि शेतकऱ्याला पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते. घेवडाही होता, पण तो ठेंगणा, मांडवाची गरज नसलेला. माझ्या आजीच्या घेवड्याने तिला कधी दुकान दाखविले नव्हते!

एका कृषितज्ज्ञ स्नेह्याने दिल्लीचे नाव सुचविले. तेथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था १९७६ साली स्थापन झाली. तिच्या कोठारात चार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंश सेल्सियस तापमानात जपलेले आहेत. बी नीट सुकवून हवाबंद पुड्यांत भरले, की अशा थंडीत ते कित्येक दशके जिवंत राहते. ऐकून मी थक्क झालो. पण ते कोठार मुख्यतः संशोधकांसाठी. शिवाय तेथे मागावे तरी काय? माझ्या घेवड्याला नावच नव्हते.

मग अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याची वार्ता कानी आली. तेथील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही. पण भात, वाल, घेवडे, पालेभाज्या यांचे गावरान बी त्यांनी वेचून वेचून जमविले. बाएफ या संस्थेचे त्यांना साहाय्य लाभले. लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र पदकापेक्षा अशा गावकोठ्यांची एक साधी रीत मोठी वाटते. तेथे बी उसने मिळते; नेणाऱ्याने हंगाम संपल्यावर दुप्पट परत आणावयाचे. एकाच्या शेतात कीड पडली, तरी तेच बी दुसऱ्याच्या शेतात वाचते. दिल्लीच्या थंडीत बी झोपलेले असते. येथे ते दर पावसाळ्यात जागे होते आणि त्या त्या वर्षीचे ऊन, पाऊस, कीड सोसत पुढे जाते. अर्थात थंड कोठारही हवेच. एखादा दुष्काळ साऱ्या पंचक्रोशीचे बी गिळून बसतो.

अशाच एका कोठीतून त्या स्नेह्याने मला वेलघेवड्याच्या वीस बिया आणून दिल्या. ओल्या फडक्यात बांधल्यावर सतरांना मोड आले. मांडव भरला, पण शेंगांच्या कडेला जांभळी रेघ नव्हती. हा आजीचा घेवडा नव्हेच. तो कदाचित आता कोठेही नसेल. तरीही पहिल्या निरोगी शेंगांना मी हात लावू दिला नाही. घरची मंडळी भाजीसाठी कुरकुरली. शेंगा वाळून खडखडू लागल्या, तेव्हा चाळीस बिया मोजून वेगळ्या काढल्या आणि अकोल्याकडे धाडल्या. उरलेल्यांसाठी शेजारच्या दोन घरांतून आधीच वाट्या येऊन राहिल्या होत्या.